तबकडीवरचें नांव

गाणें ही विकत घेऊन घरीं नेण्याची वस्तु आहे, ही कल्पना महाराष्ट्राला फार जुनी नाहीं. गवयाला बिदागी मिळे, कीर्तनकाराच्या आरतींत पैसा पडे, नाटकाचें तिकीट काढावें लागे. पण हें सर्व गाणें ऐकल्याबद्दलचें देणें होतें. ऐकून झालें कीं गाणें संपलें. तें कागदांत गुंडाळावें, पिशवींत घालून गांवीं न्यावें आणि मनास येईल तेव्हां पुनः पुनः ऐकावें, ही सोय विसाव्या शतकाच्या आरंभीं काळ्या तबकडीबरोबर आली. एकदां गाणें वस्तु झालें म्हणजे वस्तूचे सर्व धर्म त्यास लागू होतात. त्याला वजन येतें, वेष्टन येतें, किंमत येते, आणि त्यावर कांहीं तरी लिहावें लागतें. काय लिहावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

या शंभर-सवाशें वर्षांच्या व्यापाराकडे मुंबईच्या दुकानाच्या पायरीवरून पाहण्यापेक्षां ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून पाहिलेलें बरें. मुंबईच्या नळाला येणारें पुष्कळसें पाणी तानसा व भातसा येथून, म्हणजे शहापूर तालुक्यांतून, खालीं जातें. मुंबईचीं गाणीं मात्र उलट दिशेनें वर चढत आलीं. शहापुराला आसनगांवचें स्टेशन जवळ आणि आग्रा रोड दाराशीं. मुरबाडकराला आगगाडीसाठीं कल्याण गांठावें लागे. तेथून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार. शहरांतील वस्तु या दोन रस्त्यांनीं गांवापर्यंत पोंचेल कीं नाहीं, हें ती कशांत बांधून विकली जाते आणि ती चालविण्यास काय लागतें, यावर पुष्कळसें अवलंबून असे.

तबकडीच्या जन्मकाळीं नांव लिहिण्यापूर्वीं तें उच्चारण्याची चाल होती. लंडनच्या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला व नोव्हेंबर महिन्यांत त्यानें तेथें गाणीं मुद्रित केलीं. त्यांत गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचीं गाणीं होतीं. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. याचें कारण असें देतात कीं, मेणावर घेतलेलें मुद्रण जहाजानें जर्मनींत हॅनोव्हर येथें जाई व तबकड्या तेथें छापल्या जात. तेथील कारागिरांस ना भाषा कळत होती ना राग. कोणत्या तबकडीला कोणाच्या नांवाची चिठ्ठी लावावयाची, हें त्यांना त्या एका वाक्यावरूनच समजे. म्हणजे तो गर्वाचा उद्गार नसून मालावरची खूण होती. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला व तबकड्या देशांतच होऊं लागल्या, तरी ही चाल एकदम मोडली नाहीं.

या ठिकाणीं एका नांवाची आठवण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. गैसबर्ग हिंदुस्थानांत आला तो त्याच्या पुढच्या वर्षीं. ज्या आवाजानें एका पिढीला वेड लावलें, त्याची एकहि तबकडी नाहीं. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांचे आवाज उरले. भाऊरावांविषयीं मात्र ऐकणारांनीं लिहून ठेविलें तेवढेंच शिल्लक आहे. एवढ्या थोड्या अंतरानें केवढा फरक पडावा!

ती जुनी तबकडी बहुधा दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूस सुमारें तीन मिनिटें चालणारी असे. आरंभीं गाणें एकाच बाजूस असे. मग दोन्ही बाजूंस आलें. ती लाखेची असे. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा धागा यांचें मिश्रण तापवून दाबलें म्हणजे तबकडी तयार होई. फाल्गुनांत शहापूर-मुरबाडच्या माळावर जो पळस फुलतो, तोच छोटा नागपूरच्या रानांत लाखेच्या किड्यांस पोसतो. म्हणजे साऱ्या जगाचें संगीत कांहीं काळ हिंदुस्थानच्या झाडांवर अवलंबून होतें. दुसऱ्या महायुद्धांत लाख मिळेनाशी झाली तेव्हां, १९४२ सालीं, अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं वापरावयाच्या लाखेंत मोठी कपात केली, आणि नव्या मालासाठीं घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करण्याची पाळी आली. अशा रीतीनें किती गाणीं पुनः भट्टींत गेलीं असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

तबकडी ज्या पिशवींत मिळे ती साध्या खाकी कागदाची, मधोमध वाटोळी खिडकी पाडलेली. पिशवीवर छापलें असे तें कंपनीचें किंवा दुकानदाराचें नांव, क्वचित् सुयांची जाहिरात. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. दोनशें सुयांची पत्र्याची छोटी डबी मिळे, आणि ती डबी पुढें कित्येक घरांत टांचण्या किंवा हिंगाचे खडे ठेवण्यास उपयोगी पडली. गाण्याचें व गाणाराचें नांव पिशवीवर नसे. तें तबकडीच्या मध्यावर चिकटविलेल्या गोल कागदावर असे व पिशवीच्या खिडकींतून दिसे. पिशवी फाटली, हरवली, बदलली, तरी नांव गाण्याला चिकटूनच राही. ही योजना काटकसरीपोटीं झालेली. पण तिनें जें काम केलें तें पुढच्या कोणत्याहि सुबक वेष्टनाला साधलें नाहीं.

त्या गोल कागदावर जागा चार बोटांची. त्यांत कंपनीचें चिन्ह, गाण्याचे पहिले शब्द, नाटकाचें पद असल्यास नाटकाचें नांव, चीज असल्यास राग, गाणाराचें नांव आणि तबकडीचा क्रमांक. गाणाराच्या नांवामागें ‘मिस’ किंवा ‘मास्टर’ हीं पदें लावीत. त्या काळीं तबकडीवर आपलें नांव छापलें जाणें ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे कीं अप्रतिष्ठेची, याविषयीं सुशिक्षित घरांतून एकमत नव्हतें. या शंकेचें सावट त्या इवल्याशा कागदावर पडलेलें दिसतें.

शंका कांहींहि असो, नांवानें आपलें काम केलें. अब्दुल करीम खां यांची तबकडी दुकानांत वाजतांना ऐकून गदगचा एक मुलगा बेचैन झाला व १९३३ सालीं गुरूच्या शोधांत घर सोडून निघाला. तेच पुढें पंडित भीमसेन जोशी झाले. तबकडीवर नांव नसतें तर तो कोणाच्या घराण्याचा पत्ता विचारीत फिरला असता?

नांव नसलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरणहि दूर नाहीं. १९४९ सालच्या ‘महल’ या हिंदी बोलपटांतील एक गाणें देशभर गाजलें. त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचें नांव छापलें होतें ‘कामिनी’. कामिनी म्हणजे त्या कथेंतील पात्र! त्या काळीं बोलपटांच्या तबकड्यांवर पुष्कळदां पात्राचेंच नांव घालीत. नभोवाणीवर गाणें लागूं लागलें, तशीं गाणारी कोण, असें विचारणारीं पत्रें केंद्राकडे येऊं लागलीं. नभोवाणीनें कंपनीकडे चौकशी केली, आणि मग लता मंगेशकर हें नांव लोकांना कळलें. मास्टर दीनानाथांच्या कन्येवरहि जर ही वेळ आली, तर ज्यांच्यासाठीं कोणी पत्रें लिहिलीं नाहींत त्यांची गोष्ट न विचारलेली बरी. श्रोत्यांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे कीं, तें नांव कंपनीनें आपण होऊन दिलें नाहीं. ऐकणारांनीं तें मागून घेतलें.

आतां ‘अल्बम’ या शब्दाकडे वळूं. हा शब्द लॅटिन आहे, व त्याचा मूळ अर्थ पांढरी पाटी. रोम शहरांत सरकारी सूचना अशा पाटीवर लिहून लावीत. पुढें कोऱ्या पानांच्या वहीला तो शब्द लागला, मग छायाचित्रांच्या वहीला. युरोपांत एखादी दीर्घ संगीतरचना तीन मिनिटांत मावणें शक्यच नव्हतें. तिच्या चार-पांच तबकड्या होत. त्या हरवूं नयेत म्हणून जाड पुठ्ठ्यांच्या मध्यें कागदी कप्पे शिवून पुस्तकासारखी बांधणी करीत. तोच तबकड्यांचा अल्बम. १९०९ सालीं ओडियन या जर्मन कंपनीनें चायकोव्हस्कीची एक रचना अशा चार तबकड्यांच्या संचांत विकली. अमेरिकेंत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानें १९३९-४० च्या सुमारास त्या पुठ्ठ्यावर चित्र काढण्याची प्रथा पाडली. तोंवर वेष्टन हें केवळ मालाचें रक्षण करी; तेथून पुढें तें मालाला गिऱ्हाइक आणूं लागलें.

महाराष्ट्रांत या अल्बमाचें प्रस्थ तितकें माजलें नाहीं. येथें पद, लावणी, अभंग, भावगीत यांपैकीं पुष्कळ प्रकार तीन मिनिटांत बसत किंवा बसविले जात. फार तर एका बाजूस ‘भाग पहिला’ आणि दुसऱ्या बाजूस ‘भाग दुसरा’. ख्यालगायकांची मात्र ओढाताण झाली. घटकाभर चालणारी आलापी तीन मिनिटांत आटवावी लागली. कांहींनीं तिचा अर्क काढला, कांहींच्या हातीं केवळ चोथा आला. हौशी माणूस कोरा अल्बम घेई आणि त्यांत आपल्या आवडीच्या सुट्या तबकड्या भरी. शेजारीं शेजारीं ‘सौभद्रा’तील पद, पोवाडा आणि एखादी विनोदी नक्कल, असा तो संसार असे. निवड कंपनीची नसून घराची असे.

खेड्यांतली गोष्ट याहून निराळी आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे.

शहापूर-मुरबाडच्या गांवांतून घरीं स्वतःचा फोनो असणें ही सावकार, कंत्राटदार किंवा मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाच्या घरचीच गोष्ट. बाकीच्यांच्या कानीं तबकडी आली ती भाड्यानें. लग्नसराईंत, गणपतींत, जत्रेंत लाउडस्पीकरवाला येई. त्याच्यापाशीं भोंगा, आवाज वाढविण्याचें यंत्र, वीज नसलेल्या गांवासाठीं मोटारीची बॅटरी आणि तबकड्यांनीं भरलेली ट्रंक. भोंगा घराच्या आढ्यावर किंवा आंब्याच्या फांदीवर बांधीत. मग पहांटे भूपाळ्या आणि अभंग, हळदीला ठसकेबाज गाणीं, वरात आली कीं बोलपटांतलीं, असा त्याचा क्रम ठरलेला. तबकडी विकत घेणारा गांवांतला खरा गिऱ्हाइक हाच. त्याला पुठ्ठ्याचा अल्बम नको होता, दीर्घ रचना नको होती. त्याला पाहिजे होतीं सुटीं सुटीं गाणीं: जें मागतील तें काढावें, लावावें आणि लगेच दुसरें तयार ठेवावें. त्याचें सर्व कसब ट्रंकेंतून योग्य तबकडी क्षणांत काढण्यांत होतें, आणि तें त्या गोल कागदावर अवलंबून होतें. गायक, चित्रपट, क्रमांक हें त्याला तोंडपाठ असावें लागे. संगीताच्या इतिहासांत त्याची गणना कोणी करीत नाहीं. पण कोणी काय गाइलें, हें त्याच्याइतकें चोख सांगणारा माणूस चार गांवांत दुसरा नसावा.

इकडे जगांत तबकडीचें रूप बदललें होतें. कोलंबिया कंपनीनें जून १९४८ मध्यें मिनिटाला सवातेहेतीस नव्हे, बरोबर तेहेतीस आणि एकतृतीयांश फेरे घेणारी, बारा इंची, लांब चालणारी तबकडी काढली. ती लाखेची नसून हलक्या, न फुटणाऱ्या कृत्रिम द्रव्याची होती व तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटें संगीत मावे. लगेच १९४९ सालीं आर्. सी. ए. कंपनीनें सात इंची, ४५ फेऱ्यांची, मोठ्या भोकाची तबकडी पुढें आणली. पूर्वींच्या पुठ्ठ्यांच्या पुस्तकांतील चार-पांच तबकड्यांचा मजकूर आतां एका तबकडींत आला. पुस्तक गेलें, पण ‘अल्बम’ हें नांव एकट्या तबकडीलाच चिकटून राहिलें.

भारतांत मात्र नवी तबकडी आली तरी जुनी हटली नाहीं. युरोप-अमेरिकेंत १९६० च्या सुमारास ७८ फेऱ्यांची तबकडी निघणें थांबलें; भारतांत ती १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. इंग्लंडांतील बीटल्स या तरुण मंडळींचीं गाणीं त्यांच्या देशांत ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांवर विकलीं जात असतां भारतांत तीं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरहि विकलीं गेलीं, आणि परदेशचे संग्राहक आतां त्यांसाठीं चढाओढ करतात. याला मागासलेपणा म्हणणें सोपें आहे, पण खरें कारण सरळ होतें. जुन्या फोनोला चावी दिली कीं तो चाले. नव्या यंत्राला वीज पाहिजे, निदान बॅटरी तरी. आणि खेडोपाडीं वीज नव्हती. ज्या वस्तूला खांबावरच्या तारेची वाट पाहावी लागत नाहीं, ती वस्तु मुरबाडच्या आंतल्या गांवांत टिकली, यांत नवल काय?

लांब तबकडीचें मोठें वेष्टन हें शहरांतल्या घरांचें भूषण झालें. एक फूट लांब, एक फूट रुंद असा तो पुठ्ठा. पुढें गायकाचें चित्र, मागें गाण्यांची यादी, कवि, संगीतकार, साथीदार, आणि एखाद्या जाणकाराचें टिपण. तबलजीचें नांव छापील स्वरूपांत घराघरांत प्रथम पोंचलें तें या पाठपानामुळें. गोल कागदावर त्याला जागा नव्हती. माडगूळकरांनीं रचलेलें व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलें ‘गीतरामायण’ पुणें नभोवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्यास एक या हिशेबानें छपन्न गीतांत प्रसृत झालें. जुन्या तबकडीवर तें सलग ऐकणें म्हणजे घराच्या माळ्यावर लाखेचें कोठार करणें होतें. लांब तबकड्यांच्या संचांत तें आलें आणि कथेचा क्रम ऐकणाराच्या हातीं अभंग राहिला. अल्बम या कल्पनेचा याहून सार्थ उपयोग मराठींत क्वचितच झाला असेल.

पण पाठपान वाचण्यासाठीं तबकडी विकत घ्यावी लागते. लाउडस्पीकरखालीं बसणाराला पाठपान दिसत नाहीं. तेथें दुसरेंच कांहीं घडत होतें. ‘शोले’ हा चित्रपट १९७५ सालीं निघाला. त्यांतील गाण्यांपेक्षां संवादच लोकांच्या तोंडीं बसले, असें दिसतांच पॉलीडोर कंपनीनें संवादांची तबकडी काढली, आणि ती गणपतीच्या मांडवांतून, जत्रांतून वर्षांनुवर्षें वाजली. गाण्याच्या बाजारांत न गाइलेली वस्तु इतकी खपावी, याचा संगीताच्या अभिमान्यांनीं हवा तर राग करावा. तबकडी मात्र सांगेल तें वाजविते.

कॅसेट ही तबकडी नव्हे, म्हणून तिच्याविषयीं थोडक्यांत. १९८० नंतर ती स्वस्त झाली, कोणासहि काढतां येऊं लागली, आणि ठाणें-कुलाब्याकडचीं आगरी-कोळी गीतें, शाहिरी, भीमगीतें यांना मोठ्या कंपनीच्या दाराशीं न जातां बाजार मिळाला. हा तिचा मोठाच उपकार. पण नांवांच्या बाबतींत तिनें एक खोडी केली. नांवें छापलेला घडीचा कागद डबींत वेगळा असे. डबी फुटली कीं कागद गेला, आणि कॅसेटच्या अंगावर ‘बाजू अ’, ‘बाजू ब’ एवढेंच राहिलें.

ऑक्टोबर १९८२ मध्यें जपानांत सीडी विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहि जाडी नसलेली ही चकचकीत तबकडी. तिला सुई लागत नाहीं. लेसरचा किरण तिच्यावरील खळगे वाचतो, आणि तोहि आंतून बाहेर, जुन्या तबकडीच्या नेमकें उलट. आंत असतां ती मिनिटास सुमारें ५०० फेरे घेते, कडेला येईपर्यंत २०० वर येते. एका बाजूस सुमारें ७४ मिनिटें. तिची पारदर्शक डबी व तींतील छोटी पुस्तिका यांत लांब तबकडीच्या पाठपानाची परंपरा कांहीं काळ चालली, फक्त अक्षरें इतकीं बारीक झालीं कीं ज्यांना तीं वाचावयाचीं होतीं त्या वयाच्या माणसांना भिंग शोधावें लागलें.

खेड्यापर्यंत पोंचली ती ही डबीबंद सीडी नव्हे. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. खिलारी बैलांपासून घोंगड्यांपर्यंत सर्व मिळण्याचें हें ठिकाण. अशा जत्रांतून व आठवड्याच्या बाजारांतून एकविसाव्या शतकाच्या आरंभीं पाल टाकून जी तबकडी विकली गेली, ती पातळ प्लास्टिकच्या पाकिटांतली होती. एक प्रकार चित्रासह गाणीं दाखविणारी व्हीसीडी, दुसरा एमपी-थ्री. या दुसऱ्या प्रकारांत गाणें इतकें आंवळून भरलेलें असतें कीं एका तबकडींत शंभर-सवाशें गाणीं सहज मावतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हें घबाड होतें. पण शंभर गाण्यांचीं, गायकांचीं, कवींचीं नांवें वीतभर कागदावर कोण छापणार? म्हणून वर दहा चेहरे, ठळक अक्षरांत गाण्यांचा आंकडा, आणि यंत्राच्या पडद्यावर क्रमांक. ज्या लाउडस्पीकरवाल्याला गायक, चित्रपट आणि क्रमांक हीं तिन्ही पाठ असत, त्याच्या जागीं आलेल्याला केवळ क्रमांक उरला.

व्हीसीडीची कथा अधिक जवळची आहे, म्हणून अधिक हुरहूर लावणारी. हिच्यावर प्रथमच या बाजूचीं स्वतःचीं गाणीं आलीं. हळदीचीं गाणीं, गौरीचे नाच, आदिवासी गीतें. या डोंगरांत ठाकर मंडळींचा कांबड नाच रात्र रात्र चालतो. तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीला तो कधींच झेपला नसता, आणि कंपन्यांनीं तो घेण्याची तसदी घेतल्याचेंहि दिसत नाहीं. शंभर वर्षांनीं शेवटीं स्वस्त तबकडी त्या गाण्यांपर्यंत पोंचली. पण पाकिटावर छापलें गेलें तें पुष्कळदां नाचणाऱ्या जोडीचें चित्र, तबकडी काढणाराचें नांव आणि त्याचा दूरध्वनि. गाणारी बाई कोणत्या पाड्यावरची, चाल कोणाची, ढोल कोणाचा, याला जागा मिळालीच असें नाहीं.

यांत कायद्याचा भंग झाला, असेंहि म्हणतां येत नाहीं. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क-कायद्यांत १९८४ सालीं एक कलम घातलें आहे. त्यानुसार प्रत्येक ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी दिल्या पाहिजेत: मुद्रण करणाराचें नांव व पत्ता, हक्क ज्याच्याकडे आहे त्याचें नांव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचें वर्ष. नकली मालाला आळा घालणें हा त्याचा हेतु, व तो योग्यच आहे. पण कलम पुनः वाचून पाहावें: गाणाराचें नांव त्या तीन गोष्टींत नाहीं. गौहर जान जें नांव ओरडून सांगत होती, तें छापण्याची सक्ती त्या कलमानें कोणावरहि केलेली नाहीं.

आतां तबकडीचा बाजारच आवरत आला आहे. मुंबईंत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हें नामांकित दुकान २०१६ सालीं बंद झालें. नव्या संगणकांत तबकडी घालण्याची फटहि बहुधा नसते. शहरांत लांब तबकडी पुनः हौसेनें घेतली जाते, तिला मोठी किंमतहि येते; ती श्रीमंती हौस शहापूरच्या पेठेपर्यंत येण्याची चिन्हें नाहींत. उलट लाखेच्या तबकड्या, खूप हाताळल्या जाऊनहि, जपून ठेवल्यास सत्तर-ऐंशीं वर्षांनंतर वाजतात. घरगुती यंत्रावर उतरविलेली सीडी मात्र कित्येकदां दहा-पंधरा वर्षांतच मुकी होते, कारण तिच्यांतील रंगद्रव्य उन्हानें आणि उष्म्यानें विटतें. तेव्हां आधीं धोका आहे तो जुन्या मालाला नव्हे, कालपरवांच्या मालाला.

जुन्या तबकड्यांसाठीं झटणारे लोक आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून मुंबईंत हें काम करीत आली आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनीं संपतो, त्यामुळें लाखेच्या बहुतेक तबकड्यांच्या प्रती करण्यास त्या हक्काची आडकाठी उरलेली नाहीं. गीताच्या व चालीच्या हक्काचा हिशेब मात्र वेगळा असतो. खेड्यांतल्या गाण्यांचें काम कसें करावें, याचा कित्ताहि महाराष्ट्रांतच आहे. पुण्याचे गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनीं जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला; शेंकडों गांवांतून जमविलेल्या त्या ओव्या लाखाहून अधिक भरल्या, आणि गाणारीचें व तिच्या गांवाचें नांव ओवीबरोबर टिपण्याची त्यांची पद्धत होती. बाजारासाठीं नसलेल्या त्या कामांत जें सांभाळलें गेलें, तें बाजारी पाकिटावर निसटलें.

शहापूर-मुरबाडकडे आजोळ किंवा सासर असलेलीं कुटुंबें मुंबई-ठाण्यांत, कल्याण-डोंबिवलींत कमी नाहींत. गांवच्या घरीं फडताळांत एखाद्या लग्नाची, एखाद्या गौरीच्या नाचाची किंवा बाजारांत घेतलेली अशी तबकडी सांपडल्यास ती भंगारवाल्यास घालण्यापूर्वीं एकदां संगणकावर उतरून घ्यावी, आणि गाणें लावून घरांतल्या वडील बाईमाणसांजवळ बसावें. आवाज कोणाचा, गांव कोणतें, चाल कोठून आली, कोणत्या प्रसंगाचें गाणें, साल साधारण कोणतें, हें त्या सांगतील तें लगेच वहींत टिपावें. जुन्या लाखेच्या तबकडीवर गोल कागदाच्या कडेला, नुसत्या काळ्या भागांत, बारीक आंकडे कोरलेले दिसतात. तेहि उतरून घ्यावे, कारण कागद झिजून गेला तरी त्या आंकड्यांवरून जाणकारास तबकडीचें गोत्र शोधतां येतें. आणि ही टिपणाची वही तबकडीच्या पाकिटांत ठेवूं नये, वेगळी ठेवावी. पाकिटें हरवतात.